१५ सेंटचा हॅम्बर्गर आणि आपली नोकरी



झटपट खाण्याच्या दुकानांचा युनियनशी काय संबंध, असे काही सभासद विचारतात. संबंध आहे, आणि घट्ट आहे.

१९४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड बंधूंनी आपले चांगले चाललेले हॉटेल काही महिने बंद ठेवले. मोटारीपर्यंत खाणे नेऊन देणाऱ्या मुलींना काढून टाकले. बशा जाऊन कागद आला, म्हणजे भांडी घासणाराही गेला. पदार्थ उरले ९. एकाने फक्त मांस भाजायचे, दुसऱ्याने पाव भरायचा, तिसऱ्याने बटाटे तळायचे. हॅम्बर्गर १५ सेंटला मिळू लागला, रांगा लागल्या. स्वस्ताई सर्वांना दिसली. जाणता आचारी गेला, तो कोणाला दिसला नाही. चार दिवसांत शिकवता येणारे काम ज्याच्या हाती, त्याला चार मिनिटांत घरी बसवता येते. शिवाय ताट उचलायचे, उष्टे टाकायचे, ते गिऱ्हाइकाने. पगार न घेणारा हा दुसरा नोकर!

समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ साली यावर पुस्तकच लिहिले. झटपट उरकणे, सगळ्याची मोजदाद, सर्वत्र एकच साचा आणि माणसावर यंत्राचा ताबा, ही चार सूत्रे शाळा-इस्पितळांतही शिरली, असे त्यांचे म्हणणे.

एकसारखेपणाशी आमचे वैर नाही. वेळापत्रकाची किंमत रेल्वे कामगाराला कोणी शिकवू नये. सिग्नलचा नियम सर्वत्र एकच हवा, पण तो प्रवाशाच्या जिवासाठी. हातोड्याच्या ठोक्यावरून रुळाचे दुखणे ओळखणारा की-मन आणि अर्धवट पत्त्यावरून घर शोधणारा पोस्टमन यांचे ज्ञान कोणत्या रकान्यात बसते? रकान्यात बसत नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरायची, आणि मग म्हणायचे, कंत्राटी माणूस चालेल!

लंडनमध्ये पत्रक वाटल्याबद्दल याच कंपनीने हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. मॉरिस पूर्वी पोस्टमन होते. टपाल बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. वकिलाला पैसे नव्हते, दोघे स्वतःच उभे राहिले. १९९७ साली न्यायाधीशांनी पत्रकातील काही आरोप अमान्य करून त्यांच्यावर भरपाई लादली. पण कंपनी पगार कमी देते, जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेते, हेही निकालात आले. २००५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती, असे ठरवले.

अमेरिकेतले कामगारही गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या झटपट खाण्याच्या दुकानांतील पोरांनी काम थांबवले. मागण्या दोन: तासाला १५ डॉलर आणि युनियन. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या साखळी दुकानांना किमान २० डॉलर द्यावे लागतात. युनियनची मागणी अजून बऱ्याच ठिकाणी बाकी आहे.

आपल्याकडे ही कंपनी १९९६ साली दिल्ली-मुंबईत आली. तिचा हिशेब मात्र आपल्या कचेऱ्यांतही पोचला आहे. तेव्हा प्रत्येक शाखेने कोणते काम कंत्राटाने गेले, ते आधी कोण करत होते आणि आज त्याला काय मजुरी मिळते, याची यादी पुढल्या सभेत मांडावी.