वास्तू, संहिता आणि राहणारा माणूस

'वास्तू ही एक संहिता आहे' हे विधान आता इतके अंगवळणी पडले आहे की ते करणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. स्थापत्याच्या विद्यालयांतून होणाऱ्या जाहीर व्याख्यानांत ते पहिल्या पाच मिनिटांतच येते. साहित्यसमीक्षेच्या चर्चासत्रांत ते दाखला म्हणून येते. वास्तुकाराने ते उच्चारले की त्याच्या कामाला सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभते. समीक्षकाने उच्चारले की त्याच्या अमूर्त विवेचनाला दगडविटांचा टेकू मिळाल्यासारखा वाटतो. दोघेही परस्परांच्या नावावर उधारी करीत आहेत आणि दोन्ही दुकानांत माल नाही. हे विधान मुळातच सदोष आहे आणि त्या दोषाचा मोठा वाटा आपल्याकडे, म्हणजे साहित्याचा विचार करणाऱ्यांकडे येतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

विद्यापीठातील जाहीर व्याख्यान ही तात्पुरती, टाळ्यांपुरती घटना असते असे मानून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. सिगफ्रीड गिडिऑन यांनी १९३८-३९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नॉर्टन अध्यासनावरून व्याख्याने दिली. हे अध्यासन काव्याच्या नावाने स्थापन झालेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या व्याख्यानांतून १९४१ साली 'स्पेस, टाइम अँड आर्किटेक्चर' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि वास्तुकारांच्या कित्येक पिढ्या आधुनिक स्थापत्याचा इतिहास त्यातून शिकल्या. गिडिऑन हे आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे चिटणीस होते. ज्या चळवळीचे ते पुरस्कर्ते होते तिचाच इतिहास ते सांगत होते. वकिलाचे भाषण निकालपत्र म्हणून वाचले गेले, आणि ते विद्यापीठाच्या व्यासपीठावरून झाल्यामुळे कोणाला त्यात वावगे दिसले नाही.

याच विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूल ऑफ डिझाइनमध्ये १७ नोव्हेंबर १९८२ रोजी ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि पीटर आयझेनमन यांचा जाहीर वाद झाला. त्याचे शब्दांकन पुढे छापले गेले. मराठी समीक्षकांनी ते अवश्य वाचावे, कारण त्यात बोलत असलेले दोघेही वास्तुकार असले तरी भांडण आपल्या घरातले आहे. दोघांनीही भाषेची कल्पना उसनी घेतलेली होती. आयझेनमन यांनी आपल्या आरंभीच्या घरांची मांडणी चॉम्स्कीच्या गहन-रचनेच्या कल्पनेवरून केली, आणि पुढे ते देरिदांच्या दिशेने गेले. अलेक्झांडर यांच्या १९७७ च्या ग्रंथाचे नावच 'अ पॅटर्न लँग्वेज' असे आहे. त्यात २५३ आकृतिबंध दिलेले असून कोणाही सामान्य माणसाने ते भाषेप्रमाणे वापरून आपले घर आणि गाव घडवावे अशी अपेक्षा आहे. एकाची भाषा म्हणजे लेखन, दुसऱ्याची भाषा म्हणजे बोली. हा भेद साधा नाही.

वादाच्या ओघात आयझेनमन यांनी राफाएल मोनेओ यांनी स्पेनमधील लोग्रोन्यो येथे बांधलेल्या नगरभवनाचा दाखला दिला. तेथील स्तंभावलीचे खांब हेतुपुरस्सर प्रमाणाबाहेर सडपातळ ठेवलेले आहेत, पुठ्ठ्याचे वाटावेत असे. त्यामुळे तेथे उभ्या असलेल्या माणसाला आपण या जागेपासून तुटलेले आहोत अशी जाणीव होते, आणि आजच्या जगात हीच जाणीव खरी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. माणसांना गोड, सुखद वास्तूंत बसवले तर जगाचे सारे ठीक चालले आहे असा त्यांचा समज होईल, अशी भीतीही त्यांनी घातली. अलेक्झांडर यांना हे समजेचना. जगात चिंता कमी आहे म्हणून ती आणखी बांधून काढायची काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. ते संतापले आणि त्यांनी तो संताप लपवला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला आयझेनमन यांचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. कवितेने वाचकाला थोपटून झोपवू नये, त्याला अस्वस्थ करावे, परिचिताला अपरिचित करावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. मर्ढेकरांपासूनची मराठी नवकविता आपण याच निकषावर थोर ठरवली, आणि ते योग्यच होते. तथापि हा निकष ज्या एका अटीवर उभा आहे तिचा उल्लेख कोणी करीत नाही, कारण साहित्यात ती आपोआप पाळली जाते. ती अट अशी की वाचक पुस्तक मिटू शकतो. तो ते अर्ध्यावर सोडू शकतो, वर्षभराने पुन्हा उघडू शकतो, मुळीच न घेताही जगू शकतो. अस्वस्थ होणे ही त्याची निवड असते. नगरभवनात जन्मदाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ही निवड नाही. घर मिटता येत नाही. 'संहिता' हा शब्द वास्तूला लावताना आपण वाचकाचे सारे कष्ट रहिवाशावर लादतो आणि वाचकाचे एकमेव स्वातंत्र्य तेवढे काढून घेतो.

आयझेनमन यांचेच 'हाउस सिक्स' पाहावे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९७५ साली पूर्ण झालेल्या या छोट्या घरात निजण्याच्या खोलीच्या जमिनीतून काचेची एक पट्टी जाते. तिच्यामुळे पतिपत्नींच्या बिछान्यांची फाळणी झाली. जेवणाच्या जागी एक खांब मध्येच येतो. एक जिना छताला उलटा टांगलेला आहे, त्यावरून कोणी चढत नाही. रचनेच्या व्याकरणात या सर्वांना जागा आहे, आणि व्याख्यानाच्या पडद्यावर ते मोठे देखणे दिसते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या घराच्या मालकांनी ते हौसेने बांधून घेतले होते आणि त्यांचे त्याच्यावर प्रेमही होते. म्हणूनच मालकीणबाई सुझन फ्रँक यांनी १९९४ साली त्या घरावर लिहिलेले पुस्तक मोलाचे आहे. कित्येक वर्षे तेथे राहून, त्याची मोठी दुरुस्ती सोसून, त्यांनी ते लिहिले. वास्तूची खरी समीक्षा म्हणायची तर ही. व्याख्यानांच्या यादीत मात्र वास्तुकार असतात, सिद्धान्तकार असतात, क्वचित समीक्षक असतात. राहून पाहिलेला माणूस नसतो.

खाजगी घर ही श्रीमंतांची हौस म्हणून बाजूला ठेवता येईल. पण ओहायो राज्य विद्यापीठाच्या आवारातील वेक्सनर सेंटर ही सार्वजनिक वास्तू आहे. १९८९ मध्ये ती उघडली तेव्हा तिची पांढरी धातूची चौकट आणि जिन्यावर अधांतरी थांबलेला खांब हे सिद्धान्ताचे मूर्त रूप म्हणून गाजले. पुढे असे ध्यानात आले की छतातून आणि भिंतीतून येणारे ऊन चित्रांना सोसणारे नाही. डागडुजीसाठी दालने काही वर्षे बंद ठेवावी लागली, आणि २००५ मध्ये ती पुन्हा खुली झाली. ज्या इमारतीचे काम चित्रे जपणे हे होते तिच्यातील उन्हाविषयी एवढा काळ कोणी बोलले नाही याचे कारण उघड आहे. उन्हाला वाचन लागत नाही, ते थेट कॅनव्हासवर पडते.

एवढ्यावरून वाचकांचा असा ग्रह होईल की आपण अलेक्झांडर यांच्या बाजूने उभे राहावे असे सुचवायचे आहे. मराठीत देशीवादाची चर्चा ज्या जोमाने झाली आहे ती पाहता हा मोह प्रबळही आहे: लोकांची बोली, लोकांचे गाव, लोकांचे छप्पर. पण अलेक्झांडर यांचेही बोट धरून फार दूर जाता येत नाही. त्याच वादात त्यांनी उतरत्या छपराचा महिमा सांगितला. त्या आकारात आदिम भावनेची शक्ती आहे आणि आधुनिक वास्तुकार केवळ संकोचापोटी तो टाळतात, असे ते म्हणाले. कोकणातल्या माणसाने मान डोलावली असती. त्याच्या कौलांना दर आषाढात परीक्षा द्यावी लागते. पण सोलापूर-उस्मानाबादकडच्या माणसाचे काय? त्याच्या घरावर माळवद असते, सपाट. उन्हाळ्यात तो त्यावर झोपतो, त्यावर मिरच्या वाळवतो, त्यावरून शेजारच्या माळवदावर जातो. त्याच्या आदिम भावना कोठे कमी पडल्या? तसेच बाल्कनीचे. सहा फुटांहून अरुंद बाल्कनी वापरली जात नाही असा अलेक्झांडर यांचा एक आकृतिबंध आहे. मुंबईतल्या चाळीची गॅलरी पुष्कळदा याहून अरुंद असते, आणि तिथे भांडणे, अभ्यास, केस विंचरणे, लग्ने जुळवणे, सारे होते. ज्याला ते मानवी भावना म्हणतात ती एका हवामानातली आणि एका वर्गातली सवय असण्याचा संभव आहे.

याहून गंभीर गोष्ट आपल्या देशाशीच संबंधित आहे. अलेक्झांडर तरुणपणी गुजरातमधील एका खेड्यात राहिले होते. १९६४ साली आलेल्या त्यांच्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या ग्रंथाच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजांची यादी आहे. नव्या गावाची रचना या गरजांतून निष्पन्न व्हायची आहे. त्या यादीतील पहिलीच नोंद हरिजनांना अस्पृश्य मानले जाते ही आहे. एका जातीच्या लोकांना एकत्र आणि इतरांपासून वेगळे राहावेसे वाटते, अशीही एक नोंद आहे. अलेक्झांडर अस्पृश्यतेचे समर्थक होते असे कोणीही म्हणणार नाही. गावकऱ्यांना जे वाटते, शासनाचे जे धोरण आहे आणि जे आधीपासून चालत आले आहे, ते सारे त्यांनी एकत्र मांडले. पण प्रश्न असा की 'गावकऱ्यांना वाटते' यातला गावकरी कोण? गावकुसाबाहेरच्या माणसाची तीच गरज होती काय? सुसंवादाची भाषा बोलणाऱ्याने सुसंवाद कोणाच्या खर्चाने साधला जातो हे विचारले नाही, तर त्याची बोली ही पाटलाच्या वाड्यातली बोली ठरते.

मराठीत या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातला कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा यांकडे आपण आत्मकथनातले 'वातावरण' म्हणून पाहिले. भाषा, अनुभवाची अस्सलता, निवेदकाचा तटस्थपणा यांवर लेख लिहिले. एका जागेने माणसाचे काय केले याचा तो आपल्याकडचा पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे, हे म्हणायला मात्र आपल्याकडे परिभाषाच नव्हती. वास्तुकारांना ते पुस्तक वाङ्मयाचे वाटले, वाङ्मयाच्या लोकांना त्यातली खोली वास्तुकारांची वाटली.

आणि परिभाषा नाही असे तरी कसे म्हणावे? ओटी, पडवी, माजघर, सोपा, ओसरी, उंबरा, कोनाडा, मोरी, परसू, आढे, तुळई. घर किती खणांचे हे सांगितले की कुटुंबाची ऐपत कळत असे. हे शब्द अजून पुष्कळांच्या तोंडी आहेत. विद्यापीठीय व्याख्यानांतून ते हद्दपार झाले आहेत, कारण ही व्याख्याने बहुधा इंग्रजीत होतात आणि मराठीत झाली तरी इंग्रजीच्या सावलीत होतात. 'स्थापत्य' म्हटले की पूल आणि धरणे डोळ्यांसमोर येतात. 'वास्तुशास्त्र' हा शब्द तर स्वयंपाकघर आग्नेयेला हवे की नाही हे सांगणाऱ्यांनी केव्हाच ताब्यात घेतला आहे. (गंमत अशी की दार दक्षिणेला नको हा नियमही अलेक्झांडर यांच्या त्या यादीत आहे.) आपण हा शब्द जाऊ दिला. विद्यापीठांतल्या कोणाला त्याबद्दल खेद झाल्याचे ऐकिवात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसे गेली. ती बव्हंशी आपल्याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर माळवदाचा फूट-दोन फूट मातीचा थर. ज्या छपरावर माणसे उन्हाळ्यात सुखाने झोपत होती तेच त्यांच्यावर कोसळले. भावनेच्या निकषावर ते घर उत्तम होते. आयझेनमन यांच्या निकषावर त्याच्याविषयी काय म्हणता येईल याची कल्पनाही करवत नाही. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते सरळ आणि रुंद आखले गेले, घरे एकमेकांपासून सुटी उभी राहिली, आणि कोणाला किती घर मिळायचे हे त्याच्याकडे शेतजमीन किती होती यावर ठरले: भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०.

हा काळ आपल्या नियतकालिकांतून विरचनेची चर्चा ऐन भरात असण्याचा होता. केंद्र, परीघ, सत्ता, अवकाश हे शब्द पानोपानी होते. जमिनीच्या उताऱ्यावरून घराचे माप ठरवणारी ही गावरचना म्हणजे या शब्दांचाच सिमेंटमधला अवतार होता, आणि तिच्याविषयी बोलायला त्या वेळी ना साहित्याचा सिद्धान्तकार पुढे आला ना विद्यापीठाचे व्यासपीठ. अभियंत्यांचे आणि समाजशास्त्रज्ञांचे अहवाल झाले. ते आवश्यकच होते. पण माणसे एका रचनेत कशी राहतात, त्या रचनेने त्यांच्या बोलण्यात, नातेसंबंधांत, शेजारात काय बदल होतो, हे वाचण्याचा ज्यांचा दावा होता ते त्या वेळी पॅरिसमधल्या एका न बांधलेल्या बागेवरील आयझेनमन-देरिदा यांचा पत्रव्यवहार वाचण्यात गुंतलेले होते.

पुढच्या वेळी एखादे विद्यापीठ वास्तू आणि रचना या विषयावर व्याख्यानमाला योजील तेव्हा तिच्यातले एक व्याख्यान त्या वसाहतींपैकी एकीतल्या रहिवाशाचे असावे, मराठीत असावे, आणि समोर वास्तुकारांइतकेच समीक्षकही बसलेले असावेत. त्या घरांना पुढे कित्येकांनी पत्र्याच्या शेडी जोडल्या. २५० चौरस फुटांत चूल कोठे मांडली, जनावर कोठे बांधले, बाळंतीण कोठे निजवली आणि त्या पत्र्याखालच्या जागेला घरात काय नाव पडले, एवढेच त्या माणसाने सांगावे. प्रश्नोत्तरांसाठी मात्र वेळ भरपूर ठेवावा.