भागापेक्षा पिशवी मोठी

ग्राहकांनीच भागभांडवल घालून आपल्या गरजेच्या मालासाठी चालवलेले दुकान म्हणजे ग्राहक सहकारी संस्था. पण तिच्या सभासदत्वाचा हिशेब बहुधा गल्ल्यावरच उरकला जातो, आणि तूरडाळ शेजारच्या दुकानात दोन रुपयांनी स्वस्त दिसली की सभासद तिकडे वळतो. हा हिशेब खोटा नसला तरी अपुरा आहे, कारण या संस्थांचा पाया स्वस्ताईचा नव्हताच. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ सभासदांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले, ते लोणी, साखर, पीठ चालू बाजारभावाने विकून वर्षाअखेर उरलेली शिल्लक ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत करण्यासाठी.

भागावरील लाभांश आणि खरेदीवरील परतावा यांतला फरक येथेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निबंधकांच्या मंजुरीवाचून १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. म्हणजे हजार रुपयांच्या भागांवर फार तर दीडशे रुपये. उलट दरमहा चार हजारांचा किराणा भरणाऱ्या कुटुंबाला संस्थेने समजा दोनच टक्के परतावा दिला, तरी वर्षाला ९६० रुपये होतात. कपाटातल्या भाग-दाखल्यापेक्षा हातातली पिशवी अधिक मिळवून देते ती अशी, आणि तीही वर्षानुवर्षे तेथेच भरली तर.

याच कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक आहे. या गंगाजळीचे मोल रत्नागिरीकरांना ‘आगोट’ या एका शब्दाने कळावे. मिरगाआधी मीठ, चिंच, आमसुले, सुकी मासळी भरून आणि वाशाला कांद्याच्या माळा टांगून घर पावसाळ्याला तयार होई. आता दोन खोल्यांच्या सदनिकेत ना वासा उरला, ना माळा, आणि आंबा घाटात दरड कोसळली की घाटावरून येणाऱ्या मालाची वाट पाहणे तेवढे हाती राहते. एकट्या कुटुंबाला न झेपणारा साठा संस्थेचे गोदाम करू शकते, मात्र तो हंगामात रोखीने उचलण्याइतका निधी आधीच्या वर्षांत साठलेला हवा.

ही रीत कोकणी माणसाला परकीही नाही. ‘अपना बाजार’ या नावाने ओळखली जाणारी ग्राहक संस्था १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत उभी राहिली, आणि त्या वस्त्यांत रत्नागिरीहून गेलेल्यांचा भरणा मोठा होता.

तथापि, खरेदीला येणारा सभासद सभेला येत नाही. एक सभासद, एक मत हे तत्त्व पोटनियमांत शाबूत असते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. परतावा किती द्यायचा आणि गंगाजळीचे काय करायचे, हे मग चहा येईपर्यंत थांबलेल्या डझनभर माणसांत ठरते.