दिघीच्या अंगणातले ग्रहण

२५ डिसेंबर २०१९ रोजी महाडला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही चार-पाच जण माणगाव-म्हसळामार्गे दिघीला मुक्कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते. कंकणाकृती ग्रहण केरळ-तामिळनाडूच्या पट्ट्यात दिसणार होते, आपल्या कोकणात खंडग्रास. आमच्यातला एक शिक्षक हौशी आकाश निरीक्षक. त्याला फोटो काढायचे होते, आम्हाला खाडीवरची हवा खायची होती.

मुंबई परिसरासाठी दिलेल्या वेळा अशा होत्या : ८ वाजून ४ मिनिटांनी स्पर्श, ९.२२ ला मध्य, १०.५५ ला मोक्ष. (‘मोक्ष’ हा शब्द पंचांगाचा. आम्ही ‘सुटले’ म्हणतो.) दिघी मुंबईच्या दक्षिणेला असल्याने येथे सूर्य किंचित जास्त झाकला जाणार होता.

गुरुजींनी अंगणात तिकाटणे उभे केले. ३०० मिलिमीटरची लेन्स आणि तिच्या तोंडावर सूर्यासाठीची खास फिल्म. ही फिल्म पुढेच लावायची, मागे डोळ्याजवळ नव्हे. कारण लेन्सने एकवटलेले ऊन मागची फिल्म जाळून थेट डोळ्यात उतरते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच हेही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजल्याचे माणसाला नंतर कळते. एवढ्या मोठ्या लेन्सनेही सूर्याची प्रतिमा जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची उतरते. दर पाच मिनिटांनी एक फोटो. मधून मधून ढग आडवे येत होते. ढग आला की फिल्म काढून पाहण्याचा मोह होतो आणि नेमका तेव्हाच धोका असतो, असे गुरुजी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावत होते.

हे सारे अंगणात चालले असताना घराचे दार बंद होते. आत घरच्या मावशींची गरोदर सून बसली होती. चिरायचे नाही, शिवायचे नाही, झोपायचे नाही, उजेडात यायचे नाही. आदल्या दिवशी याच मावशी आमच्याच जीपमधून महाडला आल्या होत्या आणि त्यांच्या घोषणांनी आमचे आवाज झाकले होते. आम्ही विचारले, “मावशी, काल काय जाळून आलो आपण?”

त्या म्हणाल्या, “बाबासाहेबांना मी मानते, वकीलसाहेब. पण पोटातल्या लेकराचा प्रश्न आहे. उद्या ओठ फाटका निघाला तर बोल मला लागेल. तुम्ही येणार का तेव्हा?”

कोर्टात आम्ही सहसा निरुत्तर होत नाही. येथे झालो.

ग्रहण ही आमच्यासाठी केवळ आकाशातली गोष्ट कधीच नव्हती. ग्रहण लागले की महार-मांगांनी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत गावातून फिरायचे आणि जुनेर, धान्य पदरात घ्यायचे, ही रीत होती. राहू-केतू याच जातींचे, यांना दान दिले की ते सूर्याला सोडतात, असा समज! म्हणजे सूर्यावर पडलेली सावलीसुद्धा आमचीच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे फोटो घ्यायला नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन बसले होते. त्या दिवशी आमचे पणजोबा कोणाच्या दारात उभे होते, हे सांगायला हवे काय? मार्च १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. आरोळी थांबली. भीती मात्र घरात राहिली.

आणि ती फक्त आमच्या घरात आहे असे नाही. त्याच सकाळी, सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात ताजसुलतानपूरला अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरले होते. कशासाठी? ग्रहणात अपंगत्व जाते म्हणून.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपलेही लपवू नये. संयुत्त निकायात सूरिय सुत्त आहे. त्यात राहूने धरलेला सूर्य तथागतांना शरण जातो आणि तथागत राहूला त्याला सोडायला सांगतात. परित्राण पाठांतही ते आहे. जे बुद्धीला पटत नाही ते बुद्धवचन मानू नका, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दिलेली आहे. ती आपल्या ग्रंथांनाही लावायची असते.

कायद्याचे म्हणाल तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण सुनेला अंधारात बसवणे हा त्याखालचा गुन्हा नाही. तो असू नये, असेच आमचे मत आहे. मावशींवर फिर्याद करून काय साधणार? संविधानातले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य, कलम ५१-क (ज), १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. पण ते मोडले म्हणून कोणाला शिक्षा होत नाही.

सव्वानऊच्या सुमारास ढग सरले. गुरुजींनी स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी मागितली आणि सारवलेल्या अंगणावर धरली. प्रत्येक भोकातून एकेक कोर जमिनीवर उतरली, शेकडो कोरी! मावशी वाकून पाहत राहिल्या. मग काही न बोलता त्यांनी चाळणी स्वतःच्या हातात घेतली. सून मात्र शेवटपर्यंत बाहेर आली नाही. गुरुजींनी कॅमेरा दारातून आत दिला. पडद्यावरच्या फोटोत सूर्याची कोर होती आणि झाकणारी कड स्वच्छ गोल होती, चंद्राची. तो फोटो पाहून ती म्हणाली, “ह्यात दात कुठं दिसत नाहीत कुणाचे.”

आमच्या व्यवसायात संगणकीय पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. तिने ते मागितले नाही.

पुढे २०२० मध्ये तिला मुलगी झाली, सुदृढ. “आत बसली म्हणून,” असे मावशी आजही म्हणतात. आता २ ऑगस्ट २०२७ ला पश्चिम भारतातून पुन्हा खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, दुपारनंतर. सोमवार आहे, शाळेचा दिवस. ती मुलगी तेव्हा सात वर्षांची असेल. त्या दिवशी शाळा लवकर सोडू नये, मुलांना मैदानात आणावे, असे लेखी निवेदन आपापल्या गावच्या शाळेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आतापासूनच द्यावे. मसुदा आम्ही देऊ. दिवस पावसाळ्याचे असल्याने ढग असण्याचीच शक्यता अधिक. म्हणून गुरुजींनी दिघीच्या त्या फोटोच्या प्रती काढून ठेवल्या आहेत.