ओझं कुणाचं?

शिकल्यासवरल्यांच्या बैठकीत एक सुस्कारा हल्ली फार ऐकू येतो. जास्त कळायला लागलं की झोप उडते. अडाणी माणूस सुखी. बुद्धी म्हणजे शाप. चहाचा घोट घेत हे बोलणाऱ्याच्या सात पिढ्या मांडीवर पोथ्या घेऊन बसलेल्या असतात. पोट भरलेल्यानं उपासाचं कौतुक सांगावं, तसला हा प्रकार.

दोस्तांनो, आपलं अडाणीपण आपण निवडलेलं नव्हतं. ते लादलेलं होतं. एकलव्याचा अंगठा कापून घेतला, आणि आपल्या आज्या-पणज्याचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटवून घेतला. दोन्ही अंगठ्यांची गोष्ट एकच. कागदावर काय लिहिलंय ते न कळल्यानं कुणाची आजी सुखी झाली, ते एकदा दाखवाच. म्हणून १८५५ साली मुक्ता साळवे, मातंग समाजातली पोर, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिते आणि वेदांवर मक्तेदारी सांगणाऱ्यांना उघड जाब विचारते. अक्षर हाती आलं आणि पोरीनं पहिल्यांदा हिशेब मागितला.

पण खोटं कशाला बोला? ज्ञान जड असतं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून आल्यावर १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. अडाण्याच्या तोंडावर दार आपटलं तर तो म्हणतो, नशीब आपलं. शिकलेल्याला कळतं दार कुणी आपटलं, कशाच्या जोरावर आपटलं. अपमान तोच, पण त्याची मुळं दिसायला लागतात. मग झोप उडते, ती अशी.

१७ जानेवारी २०१६ला हैदराबादच्या विद्यापीठातून रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. बुद्धी दोघांकडे होती. मग काय, बुद्धीनं मारलं त्यांना? असं म्हणणारा सरळ सरळ गुन्हेगाराला वाचवतोय.

मी गोदीत काम करतो. ओझं म्हणजे काय, हे मला कुणी पुस्तकातून शिकवू नये. पन्नास किलोची गोणी पाठीवर नीट बसली की माणूस चालतो. पण तिच्यावर कुणी दगड ठेवला, तर दगड फेकायचा असतो. गोणी फेकली तर घरी चूल पेटत नाही. ज्ञान ही आपली गोणी आहे. वरचा दगड जातीचा आहे. ‘बुद्धी शाप आहे’ म्हणणारे दगडाचं वजन गोणीच्या खात्यावर मांडतात. हा हिशेब आपण मान्य करायचा नाही.

आणि एक. गोणी एकट्याला पाठीवर घेता येत नाही. उचलून द्यायला माणसं लागतात. बाबासाहेबांनी नेमकं हेच केलं. बडोद्याहून परतल्यावर पुस्तकं मिटून बसले नाहीत. १९२४ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२५ला सोलापुरात पोरांसाठी वसतिगृह, १९४६ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५०ला औरंगाबादला मिलिंद. एका माणसाच्या डोक्यातलं हजारो डोक्यांत वाटलं.

आणि आपले साहेबलोक? पगार सुरू झाला की वस्तीचा पत्ता विसरतात. आडनाव बदलतात. सोसायटीत कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेतात. मग एकटे पडतात, आणि म्हणतात, शिक्षणाचं ओझं झालं बुवा. होणारच. १९५६च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख भर सभेत बोलून दाखवलं होतं. ते ऐकून किती जण परत फिरले?

तेव्हा शाप की वरदान हा वाद पोटभरल्यांना घालू दे. आपला प्रश्न वेगळा आहे. तुला जे येतं ते तुझ्या गल्लीत किती जणांना येतं? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो? मग शेजारच्या दहा पोरांचे भर. जातपडताळणीचे कागद कसे लावायचे ते माहीत आहे? मग रविवारी विहारात बस आणि सांग. इंग्रजी येतं? दहावीची पोरं संध्याकाळी मोबाइल घेऊन कट्ट्यावर बसलेली आहेत. जा तिकडे.

दगड फेकायला पुष्कळ हात लागणार आहेत. ते हात आधी तयार करू.