अभ्यास म्हणजे नेमके काय करायचे?



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमच्या बेल्ह्याच्या एक ताई मागे थांबल्या. वय चौतीस, दोन मुले, दिवसभर कांद्याच्या रानात मजुरी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करीत आहेत. दोन विषय राहिले होते. म्हणाल्या, "भाऊ, आता फॉर्म भरीत नाही. माझ्या डोक्यात राहातच नाही. घरचे म्हणतात, त्या फीत पोरांच्या वह्या येतील."

मी सवयीने म्हणालो, "ताई, जिद्द सोडू नका. खूप अभ्यास करा."

"करते की! पहाटे चारला उठते. पण अभ्यास करायचा म्हणजे नेमके काय करायचे?"

मला उत्तर देता आले नाही. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत कारकुनी करणारा माणूस. १४ एप्रिलला पहिल्या वर्गात आलेल्या मुलांचे सत्कार आम्ही हौसेने करतो. नापास झालेल्याच्या शेजारी बसून त्याची वही मी कधी उघडली नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर अभ्यासकेंद्रावर गेलो. हे विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते नोकरी-मजुरी करून शिकणाऱ्यांसाठी. तिथे रोज वर्ग नसतात. पुस्तके घरी वाचायची, संपर्कसत्राला यायचे, आणि तिथे जो मार्ग दाखवतो त्याला समंत्रक म्हणतात. शब्द जड आहे, काम मोलाचे आहे.

त्या सरांनी विषय शिकवलाच नाही. ताईंना एक पान वाचायला सांगितले. त्यांनी पाठ म्हणावा तसे घडाघडा वाचले. सरांनी पुस्तक मिटले. "आता तुमच्या भाषेत सांगा." ताई गप्प. मग सरांनी घटकाच्या शेवटचे प्रश्न काढले. म्हणाले, आधी हे वाचा, मग उत्तर शोधायला पान वाचा. परिच्छेद संपला की समासात दोनच शब्द लिहा. पुस्तक मिटून मुलांना गोष्ट सांगता तसे सांगा. दोन दिवसांनी पुन्हा सांगा.

नंतर विचारले, "पेपरात काय झाले?" ताईंनी पहिली दोन उत्तरे पाने भरभरून लिहिली होती, शेवटच्या दोन प्रश्नांना वेळच उरला नव्हता. येत असून! हिशेब मात्र माझ्या प्रांतातला. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. वाचायला-तपासायला दहा काढली तर पाच प्रश्नांना प्रत्येकी ३४. हा साधा हिशेब त्यांना आजवर कोणी मांडून दिला नव्हता.

ज्या घरात तीन पिढ्या शिकल्या, तिथे हे जेवता जेवता कळते. आपल्याकडे पोराला कळत नाही आणि तो समजतो, आपले डोकेच कमी. खुद्द बाबासाहेबांनाही कुणीतरी लागलेच. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाची केळुसकर गुरुजींनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या एका चौकशीतून पुढे काय काय घडले, ते वाचकांना मी सांगायला नको. असा चौकशी करणारा माणूस प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक कॉलेजात पगारी नेमलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर विहारातली सतरंजी आहेच.

ताईंनी फॉर्म भरला. सोमवारी बेल्ह्याचा बाजार असतो, मजुरी बुडते म्हणून त्या रविवारी संध्याकाळीच येतात. विहारातले घड्याळ समोर ठेवून लिहितात, मी वेळ बघतो. आता आणखी दोन मुलीही वह्या घेऊन बसू लागल्या आहेत. परवा ताईंचे चौथे उत्तर ३८ मिनिटांत झाले. अजून चार मिनिटे जास्तच जातात.