पिलूं आणावयास स्वतः जावें

घरांत कुत्र्याचें पिलूं येणार ही वार्ता मुलांच्या कानीं पडली कीं त्या दिवसापासून अभ्यासावरील लक्ष उडतें, नांवाविषयीं वाद सुरू होतो, आणि "बाबा, केव्हां आणायचें?" हा लकडा वडिलांच्या मागें लागतो. हा अनुभव पुष्कळ पालकांस असेल. अलीकडे ह्या हौसेस एक नवी सोय लाभली आहे. फोनवर छायाचित्र पाहावें, पैसे धाडावे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेंकडों मैलांवरून आलेलें पिलूं बसच्या थांब्यावर जाऊन उचलावें. ह्या सोयीविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत. पिलूं दुरून आणूंच नये असें माझें म्हणणें नाहीं; परंतु जेथून तें आणावयाचें तेथें आपण स्वतः गेलें पाहिजे, आणि जाणें होत नसेल तर तें आणूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें मत मला फुकट मिळालेलें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं मुलीच्या हट्टापुढें मान तुकवून मीं असेंच एक पिलूं एका मोठ्या शहरांतून मागविलें. रात्रभर खासगी बसमध्यें, आंब्याच्या खोक्यांतून तें आलें. खोक्यास चार भोकें पाडलेलीं होतीं व आंत भिजलेलें वर्तमानपत्र होतें. विकणाऱ्यानें वय दोन महिने सांगितलें होतें. पशुवैद्यांनीं तोंड उघडून दांत पाहिले व ते म्हणाले, "सर, ह्याच्या दाढाही अजून पुऱ्या वर आलेल्या नाहींत. पांच आठवड्यांचें असेल नसेल." चौथ्या दिवशीं वांत्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले, सहाव्या दिवशीं पहांटे तें गेलें. रोग पार्व्होचा होता. मुलीनें मला दोष दिला नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "बाबा, आपण त्याला आणायला कां नाहीं गेलों?" वेळ नव्हता असें मी म्हणालों, परंतु तें खरें नव्हतें. जाण्याचा कंटाळा केला, हेंच खरें.

स्वतः गेल्यानें काय होतें? पहिली गोष्ट ही कीं, आई दृष्टीस पडते. जेथें आई दाखविण्यास मालक टाळाटाळ करतो तेथून रिकाम्या हातानें परतावें. आई धडधाकट आहे कीं हाडकुळी, माणसाच्या चाहुलीनें शेंपूट हालविते कीं कोपऱ्यांत दबून बसते, जागा स्वच्छ आहे कीं घाणेरडी, हें छायाचित्रांत दिसत नाहीं. पिलास निदान आठ आठवडे आईपाशीं राहूं द्यावें, हा नियम केवळ दयेचा नव्हे. भावंडांशीं खेळतांना एकानें जोरानें चावलें कीं दुसरें केकाटून खेळ सोडतें. दांत किती जोरानें लावावे हें पिलूं अशा रीतीनें शिकतें. आईच्या दुधांतून मिळालेलें रोगांपासूनचें संरक्षण पुढील कांहीं आठवड्यांत ओसरत जातें, आणि लशीचा पुरा गुण येण्यास सुमारें सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत तीन-चार टोंचण्या द्याव्या लागतात. अशा मधल्या काळांत निरनिराळ्या ठिकाणचीं पिलें एके ठिकाणीं कोंबणें म्हणजे रोगास आमंत्रणच. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनीं आठ आठवड्यांखालील पिलूं विकण्यास मनाई केली आहे. परंतु बसच्या थांब्यावर कायदा उभा नसतो. तेथें घेणाऱ्याचे डोळेच काय ते उपयोगी, आणि घेणारा तर घरीं बसलेला असतो!

पुढील वर्षीं आम्ही पुण्याहून मुधोळास गेलों. हें अंतर तीनशें किलोमीटरांहून अधिक आहे. बागलकोट जिल्ह्यांतील हें गांव पूर्वीं घोरपड्यांच्या संस्थानाची राजधानी होतें. राजे मालोजीराव घोरपडे यांनीं त्या भागांतील सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची पैदास नांवारूपास आणली. आपल्याकडे ह्याच वळणाच्या कुत्र्यांस कारवानी म्हणतात. डाक खात्यानें २००५ सालीं चार जातींच्या कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचें कुत्रें होतें. दख्खनच्या उन्हास तें पिढ्यान् पिढ्या सरावलेलें आहे, म्हणून आम्हीं तें पसंत केलें.

ज्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलों त्यानें किंमत सांगण्यापूर्वीं विचारलें, "गुरुजी, तुमच्याकडे ह्याला पळायला जागा किती?" शाळेचें मैदान घरापाशींच आहे हें ऐकून त्याचें समाधान झालें, परंतु पिलें पांच आठवड्यांचीं होतीं म्हणून त्यानें तीं दिलीं नाहींत. "अजून आईला पितात. महिन्यानं या," असें तो म्हणाला. आम्ही तसेच परतलों. जातां-येतां सहाशें किलोमीटरांचा प्रवास वायां गेला असें मला वाटलें. मुलीस तसें वाटलें नाहीं. त्या महिन्यांत तिनें कुंपणांतील फटी बुजविल्या, पशुवैद्यांकडून टोंचण्यांच्या तारखा लिहून आणल्या, आणि सकाळीं सहास उठण्याची संवय लावून घेतली. घरीं बसून मागविलें असतें तर हा महिना आम्हांस मिळाला नसता.

परत येतांना काय करावें हेंही थोडक्यांत सांगतों. शेतकऱ्याकडून आम्हीं आईच्या अंगाखालचें एक गोणपाट मागून घेतलें. ओळखीच्या वासानें पिलूं लौकर शांत होतें. निघण्यापूर्वीं दोन तास खाऊं घातलें नाहीं, म्हणजे गाडी लागण्याचें भय कमी. उन्हाची वेळ टाळली, दर दोन तासांनीं थांबलों, पाणी पाजलें. परंतु ढाब्याच्या आवारांत तें जमिनीवर सोडलें नाहीं, कारण पार्व्होचा विषाणु मातींत महिनेच्या महिने टिकतो. आगगाडींतील गार्डाच्या डब्यांत कुत्र्यांकरितां पेटी असते खरी, परंतु आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिलास तेथें एकटें ठेवणें बरें नव्हे. पहिल्या दोन-चार रात्रीं तें रडतें. त्याचें अंथरूण आपल्या खाटेपाशीं असावें.

कोणी म्हणेल, मुधोळापर्यंत जाण्याचें कारणच काय? दाराशीं पिलें थोडीं आहेत काय? हा आक्षेप मला मान्य आहे. पुष्कळ घरांस दारचेंच पिलूं अधिक योग्य. गांवठी कुत्रें काटक, आपल्या हवेंत वाढलेलें व मायाळू असतें. त्यासही टोंचण्या हव्यात व त्याचीही आई पाहून घ्यावी, एवढेंच. दुरून आणण्यास सबळ कारण हवें. शेजाऱ्यानें आणलें हें कारण नव्हे. बर्फांतल्या दाट केंसांची हस्की वैशाखांत पुण्याच्या सदनिकेंत कोंडणें किंवा चपट्या नाकाचा, श्वासास तडफडणारा पग केवळ गंमत म्हणून पाळणें ही हौस नव्हे, निर्दयता आहे.

पालकांनीं आणखी एक हिशेब करावा. कुत्रें दहा-बारा वर्षें जगतें. आठवींतील मुलानें आज आणलेलें पिलूं, तो पदवी घेऊन नोकरीस परगांवीं जाईल तेव्हां म्हातारें होत आलेलें असेल. त्या वेळीं त्याचें कोण करणार, हें आजच ठरवावें. ज्यास एका पिलाकरितां एक दिवस मोडतां येत नाहीं, त्यानें बारा वर्षांची जबाबदारी घेऊं नये.

लूककृत शुभवर्तमानांतील मेंढपाळाची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. एक मेंढरूं हरवलें, तेव्हां नव्याण्णव मागें ठेवून तो निघाला. त्यानें चाकर धाडला नाहीं. तो स्वतः गेला, आणि सांपडल्यावर त्यास खांद्यावर घेऊन आला. आमचें कुत्रें आतां दोन वर्षांचें आहे. शाळेची घंटा होण्यापूर्वीं तें मैदानाला दोन फेऱ्या मारतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. त्याच्या आधींचें पिलूं मात्र त्यांनीं कधींच पाहिलें नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत ज्यांच्या घरीं पिलूं येणार असेल त्यांनीं बाबांस "केव्हां आणायचें?" असें न विचारतां "केव्हां जायचें?" असें विचारावें.