पाटी स्वदेशी, पडदा परका!

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर ही प्रामुख्याने नोकरदार मध्यमवर्गाची वसाहत. चिकलठाणा, वाळूज, चितेगाव येथील कारखान्यांनी मराठवाड्याच्या गावागावांतून जी कुटुंबे या शहरात आणली, त्यांतील अनेकांचे संसार गारखेडा-पुंडलिकनगर परिसरात उभे राहिले. अशा वस्तीत आज चार माणसे एकत्र आली की राजकारणाइतक्याच आवेशाने चर्चा रंगते ती नव्या मोबाईलची आणि नव्या टीव्हीची. कोणाचा कॅमेरा सरस, कोणाची बॅटरी टिकाऊ, कोणत्या कंपनीने काय नवे आणले, यावर प्रत्येकाचे ठाम मत असते. चर्चेचा समारोपही ठरलेला असतो : ‘आपल्या लोकांना हे जमतच नाही.’

अन्य एखाद्या शहरात हे वाक्य उच्चारले गेले तर ते अज्ञान म्हणून सोडून देता येईल. या शहरात मात्र ते विस्मरण ठरते. याच शहराच्या पैठण रस्त्यावर, चितेगावात, रंगीत दूरचित्रवाणी संच तयार होत होते. १९८२ साली दूरदर्शनच्या पडद्यावर रंग अवतरले आणि ते दशक संपण्यापूर्वी धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचे नाव देशभरातील दिवाणखान्यांत पोहोचले. जपानच्या तोशिबाचे तांत्रिक सहकार्य होते, हे खरे. पण उत्पादन, विक्री आणि दुरुस्ती यांचे देशव्यापी जाळे भारतीयांनीच विणले. ‘भारतीय बहुराष्ट्रीय कंपनी’ असे बिरुद ती कंपनी अभिमानाने मिरवीत असे.

मग हे वैभव लयाला का गेले? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. स्वदेशीचा कैवारी म्हणतो, परकीयांनी मारले. उदारीकरणाचा पुरस्कर्ता म्हणतो, मालच सुमार होता. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत.

प्रथम परकीय स्पर्धेचा विचार करू. सॅमसंग १९९५ मध्ये, तर एलजी १९९७ मध्ये भारतीय बाजारात आली. स्पर्धेला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण स्पर्धेचे मैदान तरी सपाट असावे! भारत-थायलंड व्यापार कराराच्या पहिल्या टप्प्यात, सप्टेंबर २००४ पासून, ८२ वस्तूंवरील आयातशुल्क उतरवण्यास प्रारंभ झाला आणि दोन वर्षांत ते शून्यावर आले. त्या यादीत रंगीत टीव्ही आणि त्याची पिक्चर ट्यूब, दोन्ही होत्या. येथील कारखानदाराने महाग वीज आणि महाग व्याज सोसायचे, सुट्या भागांवर कर भरायचा. आणि तयार माल मात्र शुल्क न भरता बंदरात उतरायचा! घरच्या उद्योगाच्या पायात बेड्या घालून त्याला शर्यतीत उतरवायचे आणि हरला की ‘याला धावताच येत नाही’ म्हणून हिणवायचे, याला मुक्त व्यापार म्हणत नाहीत.

परंतु येथेच थांबणे ही आत्मवंचना होईल. २००५ साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. तेव्हा वृत्तपत्रांनी या खरेदीचे पराक्रम म्हणून कौतुक केले आणि वाचकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्यक्षात सपाट पडद्याचे युग सुरू झाले होते. मावळत्या तंत्रज्ञानावर मोठी पुंजी लावली गेली. पुढे तेल व वायू, डीटीएच, मोबाईल सेवा अशा अनेक दिशांना पाय पसरले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचे २१ होते. पडद्याचे तंत्र स्वतः घडविण्यात जे भांडवल आणि जी जिद्द खर्ची पडायला हवी होती, ती परवान्यांच्या मागे धावली. अखेर २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. जून २०२१ मध्ये सुमारे ६४,८०० कोटी रुपयांच्या मान्य देण्यापोटी अवघ्या २,९६२ कोटींचा, म्हणजे साधारण चार टक्क्यांचा, प्रस्ताव मंजूर झाला. अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये तोही रद्दबातल ठरवला. ही कर्जे ज्या बँकांची होती, त्यांच्या तिजोरीत कोणाचा पैसा असतो? पुंडलिकनगरातील ठेवीदाराचाच!

येथे प्रश्न विचारला जाईल : मग ग्राहकाने केवळ स्वदेशी म्हणून दुय्यम माल घ्यावा काय? मुळीच नाही. टिळकयुगात पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, तो परक्या बाटलीवर देशी चिठ्ठी चिकटवण्यासाठी नव्हे, तर काच करण्याची विद्या आपल्या हाती यावी म्हणून. स्वदेशीचा अर्थ विद्या हाती येणे असा आहे; पाटी लावणे असा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तीही ग्राहक जागा व्हावा म्हणून. झोपलेला ग्राहक राजा नसतो, तो गिऱ्हाईक असतो!

आज या गिऱ्हाइकाची मतेसुद्धा उसनी आहेत. यंत्र हाती येण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे मत तयार झालेले असते आणि त्या मताच्या मागे अनेकदा जाहिरातीचा पैसा असतो. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट एवढा वाढला की केंद्र सरकारला नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक जाहीर करावे लागले. हे अभिप्राय कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आवर्जून सांगतात. आतील चिप कोठे घडली, पडदा कोणी केला, सुटा भाग पाच वर्षांनी मिळेल काय, गल्लीतल्या कारागिराला ते उघडून दुरुस्त करता येईल काय, हे क्वचितच सांगतात.

२०२० च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेनंतर भारतात मोबाईलची जुळणी प्रचंड वाढली, निर्यातही वाढली. हे यश मोठे आहे, त्याचा आनंद अवश्य मानावा. पण चिप आणि पडदा बहुतांशी बाहेरूनच येत असताना जुळणीला शिखर समजणे म्हणजे पुन्हा चितेगावचीच चूक करणे होय. जुळणी ही पहिली पायरी आहे. वरच्या पायऱ्या संशोधनाच्या आहेत आणि त्या विकत मिळत नाहीत. त्याच पैठण रस्त्यावर बिडकीनला आज नवी औद्योगिक नगरी उभी राहत आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने तेथे सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. तेथे मराठवाड्यातील तरुण केवळ स्क्रू आवळणार की आराखडाही काढणार, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा ‘आपल्या लोकांना जमत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा चितेगावच्या रस्त्याने जाऊन यावे. जमले होते. जे जमले होते ते धोरणाने दुबळे केले, हावेने बुडवले आणि समाजाने विसरून टाकले. पुढचा टीव्ही घरात आणताना दुकानदाराला किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा : ‘यातला पडदा कोणी केला?’ हा प्रश्न लाखो घरांतून उठू लागला, तर त्याचे उत्तर कारखानदाराला आणि सरकारला एक दिवस द्यावेच लागेल.